कणेरी मठ : या वेळी एकच माणूस मोजायचा होता

कोल्हापूरजवळचा कणेरी मठ मी चार वेळा बघितलाय, असं आजवर सगळ्यांना छातीठोक सांगत आले. ते खरं नव्हतं. चारही वेळा मी तिथं पोरं मोजत होते.

सहल म्हणजे काय असतं ते प्राथमिक शाळेतल्या बाईंनाच विचारावं. लोकांच्या दृष्टीनं ते सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय, सिमेंटच्या पुतळ्यांनी उभं केलेलं जुनं खेडं. आमच्या दृष्टीनं अठ्ठेचाळीस डोकी, दोन शिट्ट्या, एक प्रथमोपचाराची पेटी आणि गाडी लागणाऱ्यांसाठी पिशव्या. लोहारापाशी मोजली तर अठ्ठेचाळीस. कुंभारापाशी सत्तेचाळीस. पोटात गोळा. धावत मागं यावं तर अठ्ठेचाळिसावा सिमेंटच्या बैलाच्या डोळ्यात बोट घालून बघतोय, मिटतोय का. अशा चार सहली. दुसऱ्या दिवशी मुलांना निबंध घालायचा, 'मी पाहिलेले खेडे'. आणि बाईंनी काय पाहिलं, तर डोकी.

आमच्या ह्यांचं त्याहून अजब. एकतीस वर्षं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, पॅटर्न शॉपमध्ये काढली. तिथनं मठ म्हणजे एका चहाचं अंतर. तरी एकदा आत पाऊल टाकलं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सुट्टीच्या दिवशीबी त्याच रस्त्याला जायाचं व्हय?" बरोबरच होतं म्हणा.

आणि शिवाय आम्ही पडलो कोल्हापूरचे. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, राजधानीपण जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, पण आमच्या पेठांतून ती बातमी अजून पोचलेली नाही. राजधानीतल्या माणसाला वेशीबाहेर बघण्यासारखं फार काही असतं असं वाटत नाही. पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, झालं. पुण्याचे पाहुणे आले की तेच आम्हाला विचारतात, "तो कणेरी मठ कुठं आला?" आणि मग आम्ही हात वर करून हायवेची दिशा दाखवतो.

गेल्या दिवाळीला हे निवृत्त झाले. मी त्याआधी दोन वर्षं. घरात दोघंच, आणि दोघांनाही दिवसभर एकमेकांसमोर बसायची सवय नाही. जानेवारीतल्या एका मंगळवारी मी डबा भरला आणि म्हटलं, उठा. मंगळवार मुद्दाम. महादेवाचं ठिकाण आहे, सोमवारी गर्दी असणार. शनिवार-रविवारी शाळांच्या सहली असणार, आणि परक्या शाळेच्या पोरांनाही मी मोजायला लागते, हे मला माहीत आहे.

कावळा नाका, उजळाईवाडी, मग एमआयडीसी. शहरापासून सगळं मिळून बारा-पंधरा किलोमीटर, त्यातलं बहुतेक पुणे-बंगळूर हायवेवरनं. हंगाम असल्यानं उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्यांच्या मागं स्कूटर धरायची नाही, कांडकं कधी निसटेल सांगता येत नाही. गोकुळ शिरगावला जळक्या वाळूचा वास नाकात शिरला. मला तो वास ह्यांच्या सदऱ्यांमुळे ओळखीचा. ह्यांनी कंपनीच्या वळणावर सवयीनं इंडिकेटर दिला. मी मागनं खांद्यावर टिचकी मारली.

मठात शिरल्यावर आधी देवळात जावं. परंपरा हजारभर वर्षांची सांगतात. काडसिद्धेश्वर या नावातला 'काड' कन्नडमधला, काडु म्हणजे रान. रानात राहणारा सिद्ध. आपला मुलूख सीमेवरचा, तेव्हा देव मराठी की कानडी हा प्रश्न इथं कुणी विचारत नाही. आमच्या पुढं रांगेत निपाणीकडचं एक कुटुंब होतं, आजी देवाशी कन्नडमध्ये बोलत होती आणि नातवाला मराठीत दम देत होती. वर ४२ फुटी शंकर बसलेला आहे, तो लांबूनच दिसतो. फोटो काढणारे सगळे त्याच्यापाशी. माझं मन मात्र आत गाभाऱ्याच्या गारव्यात रमलं.

या मठाची एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार आवडते. इथले सव्वीसावे पीठाधीश मुप्पीन काडसिद्धेश्वर महाराज. लहान वयात गादीवर बसलेले, एवढ्या मोठ्या मठाचे स्वामी, हजारो लोक ज्यांच्या पायावर डोकं ठेवायचे असे. त्यांनी गुरू केले ते सिद्धरामेश्वर महाराजांना. सिद्धरामेश्वर म्हणजे संसारी माणूस, विजापुरात एका मारवाडी पेढीवर हिशेब लिहिणारे. मुंबईत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज हे त्यांचेच शिष्य, म्हणजे आपल्या स्वामींचे गुरुबंधू. गादीवरच्या स्वामीनं मुनिमापुढं हात जोडायचे, याला काय लागत असेल? आमच्याकडं नव्यानं बदलून आलेल्या बाईंनी काही सुचवलं, तर मुख्याध्यापकांना आठवडा पचत नाही.

संग्रहालयात तिकीट काढून शिरायचं. सुरुवातीचा भाग गुहेसारखा. पतंजली, कणाद, चरक, सुश्रुत, वराहमिहिर असे ऋषी आणि शास्त्रज्ञ, प्रत्येकाच्या कामाची माहिती लिहिलेली. मुलांना हा भाग अंधारामुळे आवडतो. मी दोन फलक वाचले, हे एकही न वाचता पुढं गेले. पहिलीच वेळ असेल तर वाचा, माहिती चांगली आहे. आम्ही दहा मिनिटांत उजेडात आलो.

आणि समोर गाव.

सातेक एकरांवर पसरलेली ८० दृश्यं आणि ३०० पुतळे असल्याचं सांगतात. पुतळे सिमेंटचे, माणसाच्या उंचीचे, रंगवलेले. गांधीजींच्या मनातलं स्वयंपूर्ण खेडं उभं करायचं, ही सध्याच्या अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींची कल्पना. हे सगळं चार वेळा मी मुलांना माईकवरनं सांगितलेलं आहे. जे सांगितलं नव्हतं, कारण बघितलंच नव्हतं, ते म्हणजे हात. या पुतळ्यांचे हात बघा. चेहरे बरेचसे एकमेकांचे भाऊ वाटतात, पण हात ज्याचे त्याचे आहेत. मनगटावरच्या शिरा, बोटांची पेरं, कोपराची सुरकुती. घडवणारानं कामकऱ्याचे हात समोर ठेवूनच केलेले असणार.

आमचे हे पॅटर्न शॉपचे. एकतीस वर्षं ज्यानं जॉब हातात घेऊन त्याच्यातली खोट शोधली, तो माणूस पुतळ्याकडं पुतळा म्हणून बघत नाही. ते मागून फिरून सांधा कुठंय ते बघायला लागले. आतला सांगाडा कसा बांधला असेल, खांद्यापाशी भार कसा घेतला असेल. एका आजोबांच्या गुडघ्यावर नखानं टकटक केली. लगेच शिट्टी. रखवालदार लांबनं हात हलवत होता, "ओ काका!" मी त्यांचा दंड धरून बाजूला घेतलं. अठ्ठेचाळीस पोरांत मला कधी अशी शिट्टी खावी लागली नव्हती. चूक शंभर टक्के आमचीच, पाटी तिथंच होती.

मग सुतार आला.

इथं थोडं घरातलं सांगावं लागेल. आमचं घराणं भुदरगड तालुक्यातलं, गावचे सुतार. आजेसासरे बलुतेदार. नांगर, कुळव, कुरी, गाड्यांची चाकं हे सगळं गावाचं करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन पेंढ्या घ्यायच्या. सासरे पोटासाठी कोल्हापूरला आले आणि उद्यमनगरात एका शेडमध्ये लागले. काम काय, तर पॅटर्न. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जॉब ओतायचा तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती लागते, ती वाळूत दाबून साचा करायचा, मग त्यात रस ओतायचा. ती प्रतिकृती लाकडाची म्हटल्यावर करणार कोण? सुतारच. कोल्हापुरात ऑइल इंजिनं झाली, पंप झाले, उसाचे चरक झाले, त्यामागं गावोगावचे असे किती सुतार वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आणि रंधा घेऊन येऊन बसले असतील. त्यांतल्याच एकाचा मुलगा माझा नवरा.

तर हे त्या सुताराच्या दृश्यापुढं उभे राहिले. राहिले म्हणजे राहिलेच. मी पुढं दोन दृश्यं बघून परत आले, माणूस तिथंच.

"काय बघताय?"

"वाकस."

"त्याचं काय?"

"आज्ज्याचा दांडा ह्याच्यापेक्षा आखूड हुता. बसून काम करायचं असलं की आखूडच लागतो."

एवढंच. मग पलीकडं बैलगाडी होती, तिच्या चाकापाशी गेले, आणि तिथं जे बोलायला लागले ते मी लग्नानंतर पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. चाकावर लोखंडी धाव, म्हणजे घेराभोवतीची पट्टी, कशी चढवायची ते. लाकडी चाक सुतारानं करायचं, धाव लोहारानं. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची. मुद्दाम. मग गोवऱ्यांच्या आरावर ती लाल करायची, तापली की फुगते, तीन-चार जणांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, लाकूड पेटायच्या आत वरनं पाणी. चर्र. धाव आकसते आणि सगळे आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडात, असे आवळून बसतात की चाक करकरायचं बंद होतं. किती लहान करायची हे लोहार आणि सुतार दोघांनी मिळून ठरवायचं, आणि ते कुठं लिहिलेलं नसायचं.

"आणि आम्ही काय करायचो," हे म्हणाले, "त्याचंच उलटं. बीड थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्न मोठा करायचा. फुटाला एक सूत, इंचाचा आठवा भाग. आज्ज्याला म्हाइत हुतं लोखंड आकसतं ते. आम्हाला कंपनीत ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं."

मी शाळेत 'उष्णतेने धातू प्रसरण पावतात' हे पंचवीस वर्षं शिकवलं. गोळा आणि कडी घेऊन. घरात हे होतं आणि मी वर्गात गोळा-कडी दाखवत होते.

एक विचार मात्र तिथून डोक्यात शिरला तो निघेना. संग्रहालय म्हटलं की आपण समजतो, हे सगळं संपलं. इथंही लोक तसंच बघत होते. आमच्या शेजारची एक मुलगी आईला म्हणाली, "हे लोक आता नसतात ना?" अगं पोरी, नसतात कसे! हायवेच्या कडेला जा, शेडमधनं ठोकल्याचा आवाज येतोय तो लोहाराचाच आहे. पॅटर्न शॉपमध्ये सुतार आहे. त्यांना पगार मिळतो, डबा घेऊन जातात आणि पाचला भोंगा होतो, एवढाच फरक. मला वाटतं संग्रहालयाच्या दारातच कुणीतरी दोन ओळींत हे सांगावं, की बलुतेदार बघून झाले असतील तर पाच किलोमीटरवर त्यांची नातवंडं भेटतील. तेवढी पाटी लावली तर मी पुढच्या खेपेला तिकिटाचे दुप्पट पैसे देईन.

आणि दुसरी गोष्ट, जी मी मुलांना कधी सांगितली नाही. मी बघितलेल्या दृश्यांत कुणाच्या कपाळाला आठी नाही. सगळं गुण्यागोविंदानं. बघायला छान वाटतं, मुलांना घेऊन जाणाऱ्याला सोयीचंही आहे. पण बलुतं ही नुसती गोडीगुलाबी नव्हती. आजेसासऱ्यांना ज्या साली पीक बुडालं त्या साली पेंढ्याही नाहीत, काम मात्र केलेलं. सुताराचं हे, तर ज्यांना गावकुसाच्या आत जागाच नव्हती त्यांचं काय होत असेल. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द केली ती काय उगीच? १९२० ची अस्पृश्यांच्या हक्कांसाठीची माणगाव परिषद याच मुलखात भरली. कोल्हापूरच्या माणसानं हे गाव बघताना एवढं ध्यानात ठेवूनच बघावं. हे म्हणाले, "तू परत बाई झालीस." झाले. तरी सांगते.

जात्यापाशी मी थांबले, तिथं हे कंटाळले. फिटंफाट. जात्यावर बसलेल्या बाईच्या पाठीचा बाक बघा. माझी आजी अशीच बसायची, एक पाय लांब, एक दुमडलेला. दळण संपायच्या सुमाराला ती एका हातानं खुंटा ओढायची आणि दुसऱ्या हातानं पीठ गोळा करायची. आजीच्या तळहाताला जिथं घट्टा होता, ती जागा मला अजून बोटानं दाखवता येते. इथं फक्त आवाज नाही. पहाटेची घरघर आणि त्यावरची ओवी नाही, म्हणून ते दृश्य मला चित्रपटाचा आवाज बंद केल्यासारखं वाटलं. सगळ्या गावाचंच तसं आहे म्हणा. इतकी माणसं, इतकी जनावरं, आणि ऐकू काय येतं तर आपल्याच पायताणांची करकर.

पायताणावरनं आठवलं. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी ह्यांना नवंकोरं कापशी पायताण दिलं होतं. एवढे दिवस डब्यात होतं, मुहूर्त मिळाला तो नेमका या दिवशी. सातेक एकर चालायचं आणि नवीन कोल्हापुरी! निघतानाच मी सांगितलं होतं. अर्ध्या गावात डावा अंगठा सोलला. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून काय पायताण चावायचं थांबतं होय? आणि लंगडत लंगडत हे टेकले कुठं, तर चांभाराच्या समोर. तो आपला मान खाली घालून कामात, आणि हे समोर अंगठा धरून बसलेले, दुरुस्तीला आल्यासारखे. दोन पोरं फिदीफिदी हसत गेली. एकाने बहुधा ह्यांनाही पुतळाच समजलं होतं, हे हलल्यावर दचकला. मी पर्समधली चिकटपट्टी काढली. सहलीची सवय, पट्टी असतेच.

एकूण अडीच तास लागले. घाईनं केलं तर तासात होतं, पण मग ते मोजणंच झालं. ऊन जानेवारीतही लागतं, बराचसा भाग उघड्यावर आहे. टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी मध्ये मध्ये बसत जावं.

बाहेर येऊन झाडाखाली डबा सोडला. ज्वारीची भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही आणि कांदा. भाकरी थंड झालेली, पण नुकतंच ते सगळं गाव बघून आल्यावर हॉटेलात जायची इच्छा होईना. मठाची देशी गाईंची गोशाळा आहे, ती ह्यांच्या अंगठ्यामुळे राहिली. आवारात धर्मादाय इस्पितळही आहे. आमच्या ओळखीचे बरेच जण मठात येतात ते दर्शनाला कमी आणि तिथं पेशंट घेऊन जास्त.

परतताना चहाची तल्लफ आली आणि हायवेवरच्या एका हॉटेलात थांबलो. नाव लिहीत नाही, कारण वाईट चहा करणं हा काही गुन्हा नाही. साखरेच्या कोमट पाण्याला चहाचा रंग दिलेला होता. बिल देताना 'स्पेशल' लावलं होतं. ह्यांनी कप ठेवला आणि म्हणाले, "ह्यात ब्लो होल आहे." फौंड्रीत ओतकामात हवा राहून जॉब पोकळ निघाला की तो बाद करतात. तेव्हापासून आमच्याकडं बाद चहाला हाच शब्द.

त्या चहाची भरपाई पुढं झाली. थोडं आत वळलं की एक गुऱ्हाळ चालू होतं, वास हायवेपर्यंत येत होता. कुणाचं काय विचारलं नाही, गाडी लावली आणि गेलो. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला कुणी 'का आलात' म्हणत नाही, आपल्याकडं अजून एवढी रीत आहे. काहिलीत रस उकळत होता, वरची मळी झाऱ्यानं काढत होते. एक पोरगा चुलवाणात चिपाडं सारत होता, अंगावर फक्त बनियन आणि तेही काळं. गुळव्या पन्नाशीचा, तोंडानं अवाक्षर नाही. त्यानं पाण्यात हात बुडवला, काहिलीतला पाक चिमटीत घेतला, परत पाण्यात धरला, गोळी होते का बघितली आणि मान हलवली. तेवढ्यावर चौघं धावले आणि काहील वाफ्यात पालथी झाली. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही.

हे मात्र काहिलीकडं न बघता चरकाकडं गेले. सकाळी चरक ऋषी झाले, दुपारी उसाचा चरक. चरकाच्या लाटांवरनं, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रुळांवरनं, बोट फिरवायला निघाले होते, मी ओरडले. चालू चरकात बोट! "ह्याचं पॅटर्न आमच्यातल्याच कुणीतरी केलं असणार," म्हणाले, आणि गुळव्याला विचारलं, किती वर्षांचा आहे. "वडलांच्या वेळचा," गुळव्या म्हणाला. तेवढंच तो त्या दिवसात आमच्याशी बोलला. मग पानाच्या द्रोणात गरम काकवी पुढं केली, पैसे घेईना, म्हणून आम्ही गुळाचा एक छोटा रवा विकत घेतला.

सकाळी बघितलेल्या गावात जे नव्हतं, ते सगळं इथं होतं. आवाज, धूर, घाम, अंगावर उडणारी राख, एका पोराला बसलेली शिवी. मी असं म्हणत नाही की संग्रहालय सोडून गुऱ्हाळात जा. मी म्हणते, हंगामात जाल तर दोन्ही एका दिवशी करा आणि याच क्रमानं करा. आधी मठ, मग गुऱ्हाळ. मठात हात कसा धरतात ते कळतं, गुऱ्हाळात तो हात हलताना दिसतो.

आता गुण द्यायचे. सवय जात नाही. पुतळ्यांच्या हातांना दहापैकी दहा. चेहऱ्यांना सात. स्वच्छतेला नऊ, आम्ही गेलो त्या दिवशी कागदाचा कपटा दिसला नाही. सगळं गाव हसतमुख ठेवल्याबद्दल मी एक गुण कापला असता, पण ह्यांनी चाकापाशी जे सांगितलं त्यात तो भरून निघाला. तेव्हा जाताना बरोबर कुणाला नेताय याला फार महत्त्व आहे. ज्याच्या घरात कुणी सुतार, कुंभार, लोहार, शेतकरी होतं असं माणूस न्या आणि त्याला दोन-तीन ठिकाणी एकटं सोडा. फलक वाचून दाखवू नका. मी दोनदा वाचून दाखवला आणि दोन्ही वेळा माणूस पुढं निघून गेला. एकच माणूस मोजायचा होता, तोही मला दोनदा सापडेना.

मुलीला रात्री फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, पुढच्या महिन्यात येते, मलाही चाकाचं ऐकायचंय. ह्यांनी लगेच हो म्हटलं, पण एका अटीवर, जुन्या चपला घालून जायचं. नवीन पायताण सध्या दारात आहे. रोज रात्री त्याला एरंडेल पाजतायत, आणि रोज सकाळी घालून बघतायत, आणि रोज सकाळी परत काढून ठेवतायत.